कोपरा कापलेले कार्ड

मिहीर, सानिका, परवाच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला एक सोपे काम सांगितले आणि मी ते केले नाही. तुमच्या नव्या गिल्डच्या यादीतले एक नाव काढून टाकायचे होते. "आजी, तू ऑफिसर आहेस ना? मग कडक हो ना प्लीज," असे मिहीर म्हणाला, आणि "आजीच कडक नाही झाली तर कोण होणार?" म्हणून सानिका हसली. मी पण हसले आणि रेंज गेल्याचे सांगून फोन ठेवला. रेंज गेली नव्हती. आयुष्यभर तुमच्या आईला खोटे बोलू नको म्हणून सांगितलेल्या बाईला हे शोभत नाही, म्हणून खरे कारण लिहून काढते आहे. सानिकाला मराठी वाचता येते, तिने मिहीरला वाचून दाखवावे. हे तुमच्या आईलाही मी कधी सांगितलेले नाही.

आधी तुमच्या गिल्डबद्दल, म्हणजे मला ते नीट समजले आहे याची तुम्हाला खात्री पटेल. तुमच्या त्या खेळात एक किल्ला आहे. एकट्याने तो राखता येत नाही, म्हणून वीस जणांचे मंडळ लागते, आणि त्या मंडळाला गिल्ड म्हणायचे. यादीत नावे घालणारा-काढणारा तो ऑफिसर. रोज प्रत्येकाने येऊन आपल्या वाट्याचे दगड लावायचे. जो येत नाही त्याच्या बाजूची भिंत हळूहळू ढासळते आणि शेवटी सगळेच हरतात. म्हणून सभासद हवेत ते नियमित खेळणारे हवेत. ती जाहिरात तुम्ही माझ्याकडून मराठीत लिहून घेतली आणि मी बुऱ्हाणपुरात बसून अकरा सभासद मिळवले. त्यातल्या तिघी माझ्याबरोबर सकाळी तापीच्या घाटावर फिरायला येतात. एक सभासद मात्र जाहिरात वाचून आपण होऊन आला. नाव 'निंबोळी'. मुलगा की मुलगी, कुठली, किती वर्षांची, काही ठाऊक नाही. पंधरा दिवस मन लावून खेळली (मी तिला मुलगीच धरून चालले आहे), मग एक निरोप टाकला, "काही दिवस जमणार नाही. नाव काढू नका." त्यानंतर चाळीस दिवस तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका राखाडी आहे, आणि तुम्हाला ते नाव काढायचे आहे. बटण कुठे आहे हे मला माहीत आहे. माझे बोट त्यावर जात नाही.

तर आता मी सतरा वर्षांची होते तिकडे चला. अण्णा, म्हणजे माझे वडील, कागद गिरणीच्या टाइम ऑफिसात होते, आणि आम्ही गिरणीच्या कॉलनीत राहत होतो. बुऱ्हाणपूरपासून गाडीने थोडेच अंतर. कॉलनीतली निम्मी घरे आमच्यासारखी महाराष्ट्रातून आलेली. घड्याळ कुणाच्या घरी असो वा नसो, दिवस भोंग्यावर चालायचा. पहिल्या भोंग्याला आईचा स्टोव्ह पेटे, दुसऱ्याला अण्णांच्या सायकलची घंटा वाजे, आणि मग दिवसभर लांबून बांबू चिरडणाऱ्या यंत्राचा आवाज येत राही, जणू कुणी तरी न थांबता दातओठ खात आहे. आवाजाची सवय झाली, वासाची नाही. बांबू शिजवल्याचा तो आंबूस, उग्र वास वाऱ्याबरोबर घरात शिरायचा आणि आई पोळीवरचे फडके घट्ट दाबून म्हणायची, "आली बघा गिरणी जेवायला." आजही केळीच्या बागेत कुजलेल्या खुंटांचा वास आला की मला भोंगा ऐकू येतो.

मी मिशनच्या शाळेच्या वसतिगृहात राहून इंग्रजीत शिकले होते. मॅट्रिक होऊन घरी आले तेव्हा माझ्याजवळ सुंदर अक्षर, फाउंटन पेन आणि सगळ्या जगाला शिस्त लावण्याची हौस एवढे होते. करायला काही नव्हते. बुद्धिबळ मला अण्णांनी शिकवले होते, पण कॉलनीत मुलींनी पटावर बसलेले चालत नसे. पट पुरुषांचा, आणि तो क्लबात. म्हणून मी टपालाने खेळायचे मंडळ काढले. आठ मुली, चार जोड्या. पटावरच्या घरांना एक ते चौसष्ट आकडे दिले, म्हणजे कमी शिकलेल्या मुलीलाही लिहिता यावे. एका कार्डावर एकच खेळी: घोडा बेचाळीसवर, एवढे लिहिले की झाले. चारही डाव संपल्यावर जिंकलेल्या चौघींच्या जोड्या लागायच्या, त्यामुळे एक जरी थांबली तरी सगळ्यांना थांबावे लागे. म्हणून नियम केला की एकवीस दिवसांत कार्ड आले नाही तर आठवण द्यायची, आणि पुढच्या एकवीस दिवसांतही आले नाही तर नाव खोडायचे. मी एक निळ्या पुठ्ठ्याची वही आखली आणि वर लिहिले, सभासदांची यादी.

सभासद मिळवणे किती अवघड असते ते तुम्हाला सांगायला नको. कॉलनीतली पुष्पा लगेच आली, कारण मी काही काढले की तिला त्यात असावेच लागे. पाच मुली वसतिगृहातल्या मैत्रिणी, पत्रे लिहून लिहून तयार केलेल्या. आठवी मिळेना. त्या नवरात्रात आत्या मला इच्छापूरला देवीच्या दर्शनाला घेऊन गेली. पायऱ्या उतरून आम्ही पाणी प्यायला एका घरी थांबलो. अंगणात शेणाने सारवलेल्या जमिनीवर खडूने पट आखलेला होता आणि एक माझ्याच वयाची मुलगी आजोबांशी खेळत बसली होती. तिची मोहरी म्हणजे कपाशीची वाळलेली बोंडे, आजोबांची म्हणजे सागरगोटे. कोणते बोंड वजीर आणि कोणते उंट हे बाहेरच्याला कळायची सोय नव्हती. मी पाण्याचा तांब्या हातात धरून उभी राहिले, चालींवरून एक बोंड हत्ती असल्याचे ओळखले आणि न राहवून म्हणाले, "तुझा हत्ती मरतोय."

तिने मान वर न करता उत्तर दिले, "मरू दे. आबाले तोच पाह्यजे. त्याच्यामांगं काय येते ते आबाले दिसतच नाही."

आजोबांनी हत्ती घेतला आणि तीन खेळ्यांत हरले. "हे पोरगी मले जगू देत नाही," असे म्हणत ते उठले, आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बस. तुह्या हत्तीचंबी पाहू." तिचे नाव वच्छला. सातवी शिकलेली, वडिलांची, म्हणजे नानांची, केळी आणि कपाशी. आई तिला वच्छी म्हणे. मी पंधरा मिनिटांत हरले आणि त्याच अंगणात तिचे नाव वहीत आठवे म्हणून लिहिले. ती वहीवर वाकून स्वतःचे नाव बघत राहिली. "एवढं चांगलं नाव हाये का माहं?" असे तिने विचारले.

पहिली जोडी आमची दोघींची लागली. तिच्या कार्डावर वर श्री, खाली "आई बरी आहे, म्हैस आटली" अशी एखादी बातमी आणि मग खेळी. डाव चांगला रंगला होता. मग तिचे लग्न झाले, धूलकोटला. तिने कळवले, "कार्ड माहेरीच टाक. नाना बाजाराला येतील तेव्हा आणून देतील. उशीर होईल. नाव खोडू नको." हे तिने स्पष्ट लिहिले होते. ते कार्ड माझ्याजवळ आहे. म्हणजे मला माहीत नव्हते असे मी कधीच म्हणू शकले नाही.

काही महिने तिची कार्डे उशिराने येत राहिली, दिवस गेल्याचेही एकात होते. मग दोन महिने काहीच नाही. आठवण दिली, तिची खेळी आली नाही. बाकीच्या तीन जोड्यांचे डाव संपले होते आणि पुष्पा रोज संध्याकाळी पायरीवर येऊन बसायची.

"काय मॅडम, आमची पुढची जोडी कधी लागणार? का तुमच्या वच्छलाबाईंचं बाळ मोठं होऊन खेळायला येणार?"

"तिनं कळवलंय. उशीर होतोय."

"मग मी पण कळवते. माझे पण हात दुखतात. कायदा तुझा, वही तुझी, आणि माफी फक्त लाडकीला!"

लाडकी या शब्दाने मी चिडले. मी न्यायी असल्याचा मला फार अभिमान होता. गिरणीत कुणाचा गेटपास रद्द झाला की टाइम ऑफिसात अण्णा कात्रीने त्याचा वरचा कोपरा कापत. तो पास पुन्हा चालत नसे. मला ही पद्धत फार नीटनेटकी वाटायची. मी एक कोरे कार्ड घेतले, पत्ता नानांचा घातला, वर मराठीत वच्छलाचे नाव आणि खाली गिरणीच्या नोटिसांसारख्या इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या: नियमित खेळत नसल्यामुळे आपले नाव यादीतून काढण्यात आले आहे. नोटीस होती, म्हणून वर श्री लिहिले नाही. मग अण्णांच्या टेबलावरची कात्री घेतली आणि कोपरा कापला. तो तिकोनी तुकडा खाली पडला तेव्हा कामाचे काही तरी केल्याचे समाधान वाटले. वहीत तिच्या नावावर पट्टी धरून रेघ मारली.

अजून एक लिहायला हवे. त्या डावात मी हरत होते. माझा वजीर गेला होता आणि राजा कोपऱ्यात कोंडला होता. नाव खोडले की जीत माझी होत होती. हे तेव्हा मनात आले नव्हते, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आले.

माघ संपता संपता एका दुपारी दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, पाय धुळीने पांढरे. स्टेशनवरून विचारत विचारत आली होती. "वह्यीवाल्या बाईचं घर हेच का?" असे तिने आईला विचारले. मी ओळखले, वच्छलाची आई. माझ्या आईने पाणी दिले, पाट मांडला, घरात होती ती दराबा मिठाई ताटलीत आणली. तिने ताटली बाजूला सरकवली. "गोड नाही खाऊ राह्यली मी." मग पिशवी मांडीवर धरून ती बोलू लागली. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरे झाले असते.

"दिवाळीच्या आदी तुमचं कार्ड आलं. पोष्टमन बाहेरूनच टाकून गेला, थांबलाच नाही. म्या उचललं तं कोपरा नाही. वर श्री नाही. आन् खाली सगळी इंग्रजी, कोणाले वाचता येई ना. एकच समजे. वच्छीचं नाव. आबानं तेवढं वाचलं, न् खालीच बसले."

आईच्या हातातला तांब्या खाली आला. "कोपरा?" ती माझ्याकडे वळली. "तू कोपरा कापलास? अगं, कोपरा?"

मला तोपर्यंत खरोखर माहीत नव्हते. कॉलनीत मरणाची बातमी तारेने यायची. गावोगावी ती साध्या कार्डावर येत असे, आणि वाचायच्या आधीच ओळखू यावी म्हणून त्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे आणि माथ्यावर श्री नसे. तसे कार्ड उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. बाहेर उभ्याने वाचतात, फाडतात आणि आंघोळ करतात. एवढी साधी गोष्ट. फाउंटन पेन धरायला शिकवणाऱ्यांनी ती मला शिकवली नव्हती, आणि घरात कुणाला वाटले नाही की ही शिकवायला लागेल.

मग त्या माउलीने सांगितले ते असे. त्यांनी चुलीवरचे खाली उतरवले, भाऊबंदांना बोलावले आणि निघाले. बुऱ्हाणपूरपर्यंत मोटार, पुढे मिळेल ती गाडी. धूलकोटच्या शिवेपासून बायकांनी रडायला सुरुवात केली, कारण रडत जायचे असते. वच्छला ओट्यावर बसून तूर निवडत होती, सातवा महिना. तिने बघितले की आपल्या माहेरची सगळी माणसे, नाना, काकू, मामी, ऊर बडवत गल्लीतून येत आहेत. सूप बाजूला ठेवून ती उठून उभी राहिली.

"मले विच्यारे, माय, कोन गेलं वं? तिनं माहे खांदे धरले, कोन गेलं सांग ना. म्या म्हनलं, तू."

खोलीत बांबूच्या यंत्राचा आवाज येत होता.

मग म्हणे सगळे हसले, खूप हसले. सासूने गूळ वाटला. खोटी बातमी आली, पोरीचे आयुष्य वाढले, असे जो तो म्हणाला. वच्छलाही हसली. पण त्या दिवसापासून बोलता बोलता थांबून गल्लीच्या टोकाकडे बघायची. बाळंतपणाला माहेरी आली. ते कापलेले कार्ड तिच्या आईने घरात घेतले नव्हते, आणि न वाचलेले फाडायचे कसे म्हणून फाडलेही नव्हते. अंगणातल्या निंबाच्या खोडात खोचून ठेवले होते. वच्छलाने ते काढले आणि निंबाखाली बसून दिवसभर इंग्रजी अक्षरे जुळवली. संध्याकाळी आत येऊन म्हणाली, "माय, हे मरनाचं नाही. खेळाचं हाये. माहं नाव काटलं तिनं." आणि लगेच एक कार्ड लिहिले. ते नाना बाजाराला निघताना टाकणार होते. त्याआधीच ती अडली. पौषात गेली. बाळही राहिले नाही.

वच्छलाच्या आईने पिशवीतून कार्ड काढले. "मेल्या माणसाचं कार्ड डाकेत टाकू नाही म्हने. म्हून हातानं आणलं." वर श्री. खाली तिचे गोल अक्षर: हत्ती अठ्ठावन्नवर, शह. आणि त्याखाली, "मी नियमित खेळेन. नाव परत लिही."

"तेवढं लिहून दे, बाई," ती म्हणाली. "तुह्या वह्यीत. तिची तेवढीच इच्छा व्हती. मंग मी जाते. गाडी हाये मले."

मी आत गेले. वही उघडली, पेन उघडले. पट्टीने मारलेली रेघ अगदी सरळ होती. एक ओळ लिहायची होती, तिचे नाव, बाकी काही नाही. देव्हाऱ्यासमोर हात न जोडणारी, मांजर आडवे गेले तर मुद्दाम पुढे जाणारी मुलगी होते मी. माझा हात हलेना. जिवंत मुलींच्या यादीत मेलेल्या मुलीचे नाव लिहिले तर पुढे कुणाचे कार्ड येईल, या भीतीने मी तिथे उभी राहिले. बाहेर आईने ताटली पुन्हा पुढे केल्याचा आवाज आला. मी वही घेऊन बाहेर गेले आणि जोड्यांचे पान उघडून पुष्पाच्या नावावर बोट ठेवले. "हे बघा. लिहिलं."

वच्छलाच्या आईला वाचता येत नव्हते. तिने पदराने बोट पुसले आणि त्या नावावरून सावकाश फिरवले, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. "चांगलं काढलं," ती म्हणाली. मग पाणी पिऊन गेली. आईने वही पाहिली होती. त्यानंतर आयुष्यात एकदाही तिने मला तो विषय काढून बोल लावला नाही, आणि मीही तिला विचारले नाही की तू का गप्प बसलीस.

मंडळ त्याच आठवड्यात मोडले. पुष्पाला मी सांगितले की मला कंटाळा आला.

कार्डाने कुणी मरत नाही हे मला माहीत आहे. बाळंतपणात तेव्हा पुष्कळ मुली जात. तुमच्या आईच्या वेळी मी डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की ते हात जोडून म्हणाले, "ताई, आम्हाला काम करू द्या." तरी तूर निवडता निवडता उठून उभी राहिलेली ती मुलगी मी रोज बघते. ती मला दोष देत नाही. फक्त विचारते, कोण गेलं? तुमच्या गिल्डमध्ये राखाडी ठिपका बघते तेव्हा तो प्रश्न मला त्या पडद्यातून येतो. निंबोळी हे नाव कुणीही घेईल, आमच्या भागात दर अंगणात निंब आहे, याचाही मी विचार केला आहे. मी तिला तीन निरोप पाठवले. वाचल्याची खूण आलेली नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. तिच्या बाजूची भिंत मी लावीन. रोज सकाळी घाटावरून आले की माझे दगड लावून झाल्यावर तिचेही लावते, गेल्या आठवड्यापासून लावतेच आहे. किल्ला पडलेला नाही हे तुम्ही पाहिले असेल. नाव काढायचे असेल तर आधी मला ऑफिसरपदावरून काढा.

काल मी लोखंडी पेटीतून निळी वही काढली. पाने पिवळी पडली आहेत, शाई टिकली आहे. आठ नावांच्या खाली नववी ओळ आखली आणि त्यावर वच्छलाचे नाव लिहिले, पूर्ण, सावकाश, माझ्या आत्ताच्या वाकड्या अक्षरात. पेन ठेवून बराच वेळ बसले. काही झाले नाही. अण्णांचा पट मांडला आणि तिच्या कार्डाप्रमाणे हत्ती अठ्ठावन्नवर ठेवला. शह बरोबर आहे. माझ्या राजाला एकच घर मोकळे आहे, आणि त्यापुढे मात आहे.

वही आहे, तिच्यात नाव आहे. तिचे शेवटचे कार्ड आहे, चारही कोपरे शाबूत. पट खिडकीशी मांडलेला आहे, आणि खेळी माझी आहे.